एल पासोच्या मैदानांवर कुणाची नावं?

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरच्या गावांमध्ये एक वाद दर काही वर्षांनी उकरून काढला जातो. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, खेळाडूंचा आणि त्यांचे संघ उभे करणाऱ्या कार्यकर्त्यांचा वेगळा गौरव करावा की नाही? एक बाजू म्हणते, खेळात वंश आणू नका, धाव ही धाव आणि गोल हा गोल. दुसरी बाजू अस्मिता, अभिमान, पुतळा एवढ्या तीन शब्दांवर थांबते. दोघांचेही आवाज चढलेले असतात आणि पुरावा म्हणून दोघांकडे तीच दोन-चार ताऱ्यांची नावं असतात. मला विचाराल तर दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेगळा गौरव हवा, आणि तो निःसंकोच हवा. मात्र तो रक्ताच्या नात्याने मिळू नये. ज्यांचा खेळ गावाच्या मुख्य दप्तरात कुणी लिहिलाच नाही त्यांची नोंद व्हावी, म्हणून तो हवा. आणि त्या यादीत ताऱ्यांच्या आधी संघ उभे करणारी माणसं हवीत. हे दोन मुद्दे मान्य नसतील, तर नुसत्या सत्कार समारंभाला माझाही विरोध आहे.

एल पासोचंच उदाहरण घेऊ. टेक्ससच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रांदेच्या काठावर वसलेलं हे शहर. नदीपलीकडे मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस, मध्ये कुंपण आणि पूल. वस्ती पावणेसात लाखांच्या घरात, त्यातले पाचात चार जण लॅटिनो, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. पुलाच्या तोंडाशी असलेली जुनी वस्ती म्हणजे सेगुंदो बारिओ आणि त्या वस्तीतल्या मुलांची शाळा म्हणजे बोवी हायस्कूल. गावात तिला ‘ला बोवी’ म्हणतात. १९४९ साली टेक्ससमध्ये शालेय बेसबॉलची राज्य स्पर्धा पहिल्यांदा भरली आणि ती या शाळेने जिंकली. तेव्हाचं टेक्सस डोळ्यांसमोर आणा. मेक्सिकन वंशाच्या पोरांना वाटेतल्या खाणावळी दारातूनच परत पाठवत. शाळेत स्पॅनिश बोललं तर शिक्षा होई. स्पर्धा होती राजधानी ऑस्टिनमध्ये, सव्वानऊशे किलोमीटर दूर. इतर संघ हॉटेलांत उतरले. बोवीची मुलं विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, लष्करी घडीच्या खाटा टाकून झोपली. सकाळी तिथूनच उठून ती मैदानात गेली आणि यजमान शहराच्याच संघाला हरवून विजेतेपद घेऊन आली.

या मुलांचे प्रशिक्षक होते विल्यम कार्सन हेरेरा. सगळे त्यांना ‘नीमो’ म्हणत. जन्म १९०० चा, ब्राउन्सव्हिलचा, म्हणजे तेही सीमेवरच्याच गावचे. एल पासोला येण्याआधी त्यांनी सॅन अँटोनिओच्या लॅनियर हायस्कूलला १९४३ आणि १९४५ साली बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद मिळवून दिलं होतं. खेळ दोन, शहरं दोन, गरीब मेक्सिकन वस्तीतल्या शाळा दोन आणि राज्य विजेतेपदं तीन. अशा माणसाचं नाव टेक्ससच्या पोराटोरांना पाठ असायला हवं होतं. ते तसं आहे का?

आता ‘खेळात वंश आणू नका’ म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न. वंश आणला कुणी? हेरेरांनी ज्या दोन शाळांना राज्यात पहिलं आणलं, त्यांची नावंच पाहा. बोवी हायस्कूल हे नाव जिम बोवीवरून आलं. हा १८३६ साली टेक्ससमधल्या अलामोच्या लढाईत मेक्सिकन सैन्याकडून मारला गेला. त्याआधी तो गुलामांचा व्यापारही करत असे. लॅनियर हे नाव सिडनी लॅनियरचं. तो कवी होता खरा, पण यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला. मेक्सिकन पोरांच्या छातीवर मेक्सिकोशी लढून मेलेल्या माणसाचं नाव शिवलं गेलं, तेव्हा कुणाला त्यात राजकारण दिसलं नाही. त्याच पोरांच्या प्रशिक्षकाचं नाव कुठे द्यायची गोष्ट निघाली की मात्र खेळाचं पावित्र्य आठवतं. नाव देणं ही कृती कधीच तटस्थ नसते. आधीची नावं जुनी झाली म्हणून ती तटस्थ वाटू लागतात, इतकंच.

‘गुणवत्तेवर नाव द्या’ हा त्याच बाजूचा दुसरा आग्रह. तत्त्व म्हणून मला तो मान्य आहे. पण गाव तरी तो पाळतं का? एल पासोच्या मध्यवस्तीतलं बेसबॉलचं नवं मैदान २०१४ साली उघडलं. त्यासाठी महापालिकेची इमारतच एप्रिल २०१३ मध्ये सुरुंग लावून पाडली. एवढा खटाटोप करून बांधलेल्या मैदानाला नाव मिळालं ते पैसे भरणाऱ्या एका खासगी शिक्षणसंस्थेचं. तिथे कुणी विचारलं नाही की या संस्थेने किती होमरन मारले. त्याआधीच्या कोहेन स्टेडियमचं नाव निदान अँडी आणि सिड कोहेन या दोन भावांचं होतं. दोघे ज्यू, दोघेही बेसबॉलमध्ये हाडं झिजवलेले. ते स्टेडियम २०१९ साली जमीनदोस्त झालं. एका मोठ्या रस्त्याला गोल्फपटू ली ट्रेविनो यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. डॅलसकडे गरिबीत वाढलेला, कॅडीचं काम करत शिकलेला हा माणूस साठच्या दशकात एल पासोच्या क्लबात नोकरीला आला आणि १९६८ साली यू.एस. ओपन जिंकून जगाला ठाऊक झाला. म्हणजे लॅटिनो खेळाडूचं नाव गावाने दिलंच नाही, असं म्हणता येणार नाही. मात्र ते कधी दिलं? आधी जगाने शिक्का मारला, मग गावाने. जगाचा शिक्का ज्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्यांच्यासाठी गावाकडे दुसरी काही रीत आहे का? माझं सगळं भांडण या प्रश्नापाशी आहे.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळ्या कप्प्याचा. वेगळा सन्मान दिला की माणूस कायमचा वेगळ्या फळीवर जाऊन बसतो. ‘लॅटिनोंमध्ये चांगला’ अशी चिठ्ठी त्याला चिकटते आणि मुख्य दालनाची जबाबदारी संपते. हा मुद्दा हवेतला नाही, इतिहासात तसं घडलेलं आहे. १९७१ साली अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाने, सॅचेल पेज या थोर कृष्णवर्णीय गोलंदाजाला घ्यायचं ठरवलं (बेसबॉलमधल्या पिचरला मी आपलं गोलंदाजच म्हणतो, मर्मज्ञांनी क्षमा करावी). तेव्हा जाहीर काय झालं, तर निग्रो लीगच्या, म्हणजे मेजर लीगने बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या, खेळाडूंसाठी वेगळा विभाग असेल. उमेदीची वर्षं वेगळ्या लीगमध्ये खेळवलं, आता भिंतही वेगळी! लोक खवळले, हॉल ऑफ फेमला माघार घ्यावी लागली आणि पेज बरोबरीच्या मानाने आत गेले.

मराठी माणसाला तर हा मुद्दा लगेच पटावा. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मवार संघ करून चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने खेळले जात. गर्दी लोटे. १९४० साली गांधीजींनी त्या रचनेला उघड नापसंती दर्शवली आणि १९४६ नंतर ते सामने बंद पडले. बरं झालं. त्या रचनेच्या आतही काय चाललं होतं, ते पळवणकर बाळू यांच्या कहाणीतून कळतं. हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देणारा हा गोलंदाज चांभार समाजातला. पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाच्या, विठ्ठल यांच्या वाट्याला आलं.

मग हे सगळं माहीत असून मी वेगळ्या गौरवाची बाजू का घेतो? कारण संघ धर्मावर किंवा वंशावर निवडणं आणि यादी ठेवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने आज कोण खेळेल ते ठरतं. दुसरीने काल कोण खेळलं ते कळतं. पंचरंगी सामने बंद करा म्हणणं वेगळं आणि पंचरंगीचे धावफलक जाळा म्हणणं वेगळं. बाळूंना बाहेर चहा दिला गेला, हे आज आपण सांगू शकतो, कारण कुणीतरी ते जातीसकट लिहून ठेवलं. ‘क्रिकेटमध्ये जात नसते’ असं म्हणून ते वाक्य खोडलं असतं, तर जात गेली नसती. बाळू मात्र गेले असते.

निग्रो लीगची गोष्ट १९७१ मध्ये संपली नाही, आणि विरोधक पुढचा भाग सांगत नाहीत. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत मिळवून घेतले. एका रात्रीत कारकिर्दीच्या सरासरीत मेजर लीगचा टाय कॉब दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि निग्रो लीगचा जॉश गिब्सन पहिला झाला. हा गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला, जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत ओलांडली त्याच्या जेमतेम तीन महिने आधी. हे आकडे आले कुठून? कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतले धावफलक वर्षानुवर्षं शोधून, जुळवून, तपासून ठेवणाऱ्या संशोधकांकडून. आधी वेगळी वही होती म्हणून ती मुख्य वहीत मिळवता आली. वेगळी वहीच नसती, तर समता आणायच्या दिवशी मिळवायचं काय होतं?

सीमेवरच्या मेक्सिकन बेसबॉलची वही अजून अर्धवट आहे. तिचे तुकडे सॅन अँटोनिओच्या ‘ला प्रेन्सा’सारख्या, एल पासोच्या ‘एल कॉन्तिनेन्ताल’सारख्या स्पॅनिश वर्तमानपत्रांत आहेत, चर्चच्या तळघरांत आहेत, कुणाच्या तरी आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, खाली मिशन नावाचं गाव आहे. तिथल्या लिओनार्दो अलानीस या मुलाला बेसबॉलच्या जगात लिओ नाहो म्हणत. विसाच्या दशकात तो टेक्ससच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला उचललं होतं, पण पाय मोडला आणि मोठ्या लीगचं दार बंद झालं. मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने १९३९ साली त्याला आपल्या पहिल्या मानकऱ्यांत घेतलं. परक्या देशाने आधी ओळखलं म्हणायचं, की त्याच्याच देशाने? सीमेवर हा प्रश्न सरळ सुटत नाही. त्याच मिशन गावात टॉम लँड्री यांच्या नावाचं स्टेडियम आहे आणि त्यांच्या आयुष्यावरचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. लँड्री डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचे थोर प्रशिक्षक, त्यांचा मान कुणी हिरावू नये. पण गावात बाहेरचा माणूस आला तर त्याला लँड्री आपोआप दिसतात. नाहोबद्दल कुणाला तरी विचारावं लागतं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला अधिक चतुर वाटतो. एल पासोसारख्या गावात पाचातले चार जण लॅटिनो असतील, तर ‘लॅटिनोंचा वेगळा गौरव’ याला अर्थच काय? बहुसंख्यांना कसला आलाय वेगळा मान? गावाचा सन्मान तोच त्यांचा सन्मान. ऐकायला चोख आहे. पण डोकी मोजून सत्ता कळत नाही. शहराला पहिला मेक्सिकन वंशाचा महापौर, रेमंड टेलेस, मिळाला तो १९५७ साली. मोठ्या अमेरिकन शहराचा असा तो पहिलाच महापौर मानला जातो, आणि तोवर या शहराचा कारभार त्याच्या निम्म्या वस्तीला बाजूला ठेवूनच चालला होता. बोवीच्या मुलांनी चषक आणला तेव्हा हॉल ऑफ फेम, क्रीडा समिती, वर्तमानपत्राचं क्रीडापान यांच्या खुर्च्यांवर कोण बसत असेल, याचा अंदाज करायला संशोधन लागत नाही.

ही फार जुनी गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. तर १९९२ घ्या. याच बोवी हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक बेंजामिन मुरिओ आपल्या दोन खेळाडूंना गाडीत घालून सामन्याला निघाले होते. सीमा गस्ती दलाने गाडी अडवली आणि एका जवानाने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं. शाळेचे प्रशिक्षक, सोबत शाळेची मुलं, निघालेत सामन्याला, आणि नागरिकत्वाचा संशय! बोवीची मुलं आणि कर्मचारी कोर्टात गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात फेडरल न्यायाधीशांनी गस्ती दलाला मनाई हुकूम बजावला. नुसत्या मेक्सिकन चेहऱ्यामोहऱ्यावरून कुणाला अडवायचं नाही. त्या गस्ती दलातही लॅटिनो जवान भरपूर होते, आजही आहेत. म्हणून तर मी म्हणतो, रक्ताचा हिशेब इथे कामाचा नाही. बहुसंख्य असूनही ज्या गावात प्रशिक्षकाला आपण प्रशिक्षक आहोत हे पटवून द्यावं लागतं, तिथे ‘बहुसंख्यांना वेगळा मान कशाला’ हे वाक्य फारच आरामखुर्चीतलं वाटतं.

अभिमानवाल्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. त्यांची कसोटी वंशाची. ती लावायची ठरवली तर पहिला सत्कार कुणाचा करावा लागेल? टेड विल्यम्सचा. दुसऱ्या सीमेवरच्या शहरात, सॅन डिएगोत, १९१८ साली जन्मलेला, बेसबॉलमधला बहुधा सगळ्यात शुद्ध फलंदाज. १९४१ साली त्याने ०.४०६ ची सरासरी राखली. तेव्हापासून अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन जुन्या शाखांच्या, कुणा फलंदाजाला एका हंगामात तिथवर पोहोचता आलेलं नाही. त्याची आई मे व्हेन्सोर मेक्सिकन वंशाची, मूळची एल पासोची. ही गोष्ट विल्यम्सने उमेदीच्या काळात कधी पुढे केली नाही. आईचं आडनाव लावलं असतं तर त्या काळच्या पूर्वग्रहांनी आपल्याला छळलं असतं, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. मग त्याला यादीत पहिला नंबर द्यायचा? माझ्या मते, यादीत त्याची गरजच नाही. त्याची नोंद झालेली आहे, देशभर झालेली आहे. आणि गंमत पाहा, १९६६ साली हॉल ऑफ फेममध्ये स्वतःचा सन्मान होत असताना याच माणसाने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली. यांना संधी मिळाली नाही, म्हणून हे इथे नाहीत, कधीतरी त्यांना आत घ्या, असं तो भर समारंभात म्हणाला. तेव्हा आपल्या आईच्या माणसांबद्दल मात्र तो गप्प राहिला. त्याला दोष देणं सोपं आहे. मला त्या मौनात त्या काळाचं वजनच जास्त जाणवतं.

तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि त्यावर सफाई देत नाही. गावोगावचे सत्कार समारंभ हा बराचसा तमाशा असतो. जेवणाची तिकिटं खपवायची, टेबलं प्रायोजकांना विकायची, निवडणूक जवळ आली असेल तर नगरसेवकाला मधल्या खुर्चीत बसवायचं, समितीतल्या एकाने दुसऱ्याच्या मेव्हण्याचं नाव सुचवायचं. शाल-श्रीफळाच्या देशातून आल्यामुळे मला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. टेक्ससमध्ये शालीऐवजी लाकडी फलक देतात, बाकी सगळं तसंच. पण यावर उपाय गौरव बंद करणं हा कसा? समारंभ स्वस्त आणि नोंद महाग करा. ज्याचा गौरव करायचा त्याच्या नावापुढे पुरावा जोडा. कुठल्या वर्षी, कुठल्या मैदानावर, कुणासोबत, कुणाविरुद्ध, धावफलक कुठे आहे, साक्षीदार कोण. माणूस हयात असेल तर त्याची दोन तासांची मुलाखत ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवा. ही अट घातली की मेव्हणे आपोआप गळतात. मेव्हण्यांपाशी धावफलक नसतो.

या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो संघटक. आपल्याकडे खाशाबा जाधव हे नाव घरोघरी पोहोचलं आहे. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्यांना तिथवर पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांचं नाव दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला आहे. खर्डेकरांचं नाव किती क्रीडासंकुलांवर आहे? खेळाडू चमकतो तेव्हा त्याच्यावर निदान उजेड असतो. ज्याने मैदान मिळवलं, पंच आणला, गाडीचं पेट्रोल भरलं, त्याच्यावर उजेड कधीच पडत नाही. म्हणून सन्मानाची खरी गरज त्याला आहे.

सेगुंदो बारिओत पन्नाशीच्या दशकात हॅरल्ड राम नावाचे एक जेझुइट पाद्री होते. सायकलवरून वस्तीभर फिरत. टोळ्यांमध्ये अडकलेल्या पोरांना गोळा करून त्यांनी युवा केंद्र चालवलं आणि त्या पोरांना खेळात गुंतवलं. आज तिथल्या एका रस्त्याला फादर राम यांचं नाव आहे. ते लॅटिनो नव्हते. माझ्या यादीत ते पहिल्या पानावर असतील, आणि इथे अभिमानवाल्यांची आणि माझी वाट वेगळी होते. लॅटिनो क्रीडाजीवन ज्यांनी जगवलं त्यांचा हा गौरव आहे, त्यांचा जन्मदाखला तपासायचं कारण नाही. दुसरं उदाहरण गोरी गरेरो यांचं. हे लुचा लिब्रे या मेक्सिकन कुस्तीप्रकाराचे मोठे मल्ल. मुखवटे, उड्या, आरडाओरडा, सगळं आलं. अंगातली रग कमी झाल्यावर त्यांनी एल पासो आणि हुआरेसमध्ये कुस्त्यांचे फड भरवले. रविवारी पूल ओलांडून पोरंबाळं घेऊन कुस्ती बघायला येणं हा अनेक घरांचा शिरस्ताच होता. गोरींचा धाकटा मुलगा एडी २००४ साली डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झाला आणि जगभर त्याचे पोस्टर लागले. तो खेळ ठरवून केलेला असतो, हे मलाही ठाऊक आहे. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. पण एका शहरातल्या हजारो माणसांची रविवारची संध्याकाळ ज्याने वर्षानुवर्षं भरली, त्याला क्रीडासंघटक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि बायका? या याद्या उघडून पाहाव्यात, पुरुषांचाच बाजार. सामन्याच्या दिवशी टमाले करून विकणाऱ्या, त्या पैशांतून बसचं भाडं भरणाऱ्या, रात्री अख्ख्या संघाचे गणवेश धुऊन वाळत घालणाऱ्या, मुलींचे सॉफ्टबॉल संघ स्वतः चालवणाऱ्या बायकांची नावं कुठल्या फलकावर आहेत? वंशावरून झालेला अन्याय मोजताना हा दुसरा हिशेब समितीने विसरू नये.

राहिला पूल. सीमेवरच्या खेळाची यादी सीमेच्या एकाच बाजूची असू शकत नाही. लारेडोची माणसं हे पूर्वीपासून जाणतात. तिथला तेकोलोतेस हा व्यावसायिक बेसबॉल संघ दोन्ही लारेडोंचा आहे. त्याचे घरचे सामने काही टेक्ससमधल्या लारेडोत होतात आणि काही नदीपलीकडच्या नुएवो लारेडोत. त्याच लारेडोत लॅटिन अमेरिकन खेळाडूंसाठी आणि संघटकांसाठी वेगळा हॉल ऑफ फेम आहे. एल पासोचा फुटबॉल संघ लोकोमोटिव्ह आणि पलीकडचा एफसी हुआरेस यांचेही मालक एकच आहेत. धंद्याला जे समजलं ते सत्कार समितीला समजू नये? हुआरेसचा पंच जर वीस वर्षं एल पासोच्या रविवारच्या लीगला शिट्टी वाजवत असेल, तर तो कुठल्या गावचा धरायचा?

रिकार्दो पेपी २००३ साली एल पासोत जन्मला आणि जवळच्या सान एलिसारिओत वाढला. मेक्सिकोकडून खेळायचं की अमेरिकेकडून, हा पेच त्याच्यापुढे होता. २०२१ साली तो अमेरिकेकडून उतरला आणि पहिल्याच सामन्यात होंडुरासविरुद्ध गोल करून मोकळा झाला. उद्या त्याचं नाव एखाद्या मैदानाला द्यायचं ठरलं तर कुणी हूं की चूं करणार नाही, आणि माझंही काही म्हणणं असणार नाही. समितीने फक्त एवढं करावं. फलकावरचा मजकूर छापायला देण्याआधी त्याच्याकडून पाच-सात नावं लिहून घ्यावीत. पहिला बूट कुणी दिला, शनिवारी सकाळी गाडी कोण चालवत असे, दिवे नसलेल्या मैदानावर कुणी खेळवलं. मग त्या माणसांना शोधावं, त्यांची मुलाखत घ्यावी आणि त्यांची नावं त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत घालावीत. त्यातलं कुणी पलीकडच्या तीरावर राहत असेल आणि व्हिसा मिळत नसेल, तर समितीने आपल्या खुर्च्या घेऊन पूल ओलांडावा आणि समारंभ हुआरेसमध्ये करावा.